रविवारचा ताप

रागिणीशी भाव करायला जाऊ नये, हे अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्यानं रोज जाणाऱ्यांना ठाऊक आहे. फुलवाल्यांच्या रांगेत तिचा लाकडी पाट तिसरा-चौथा असेल. वर निळी ताडपत्री, पुढ्यात ओल्या बारदानावर झेंडूचे हार आणि मागे मांडी घालून बसलेली ही बाई. कुणी हार उचलून उगाच नाकाशी नेला, की ती विचारणार, "देवासाठी घेऊन राह्यले का सोतासाठी?" माणूस ओशाळतो आणि मुकाट्यानं पैसे काढतो. तोंड एवढं फटकळ असूनही तिचं गिऱ्हाईक तुटत नाही, याचं कारण तिच्याकडचा मोगरा. भर वैशाखात तिच्या टोपलीतली कळी संध्याकाळपर्यंत मिटलेली असते. बाकीच्यांची दुपारीच उमलून, माना टाकून बसते.

ही विद्या माहेरची. अकोल्याच्या बाहेर तिच्या वडिलांचा, वामनरावांचा, मोगऱ्याचा तुकडा आहे. अकोल्याचं ऊन ज्यानं सोसलं त्यालाच ते कळेल. त्या उन्हात कळी जगवायची तर माणसाला काहीतरी अक्कल लढवावीच लागते. रागिणीची आई माणिकबाई थर्माकोलची पेटी भरायची ती बघण्यासारखी असायची. तळाला फोडलेला बर्फ. बर्फात खडे मीठ, म्हणजे गारठा आणखी कडक होतो, हे कुल्फीवाल्यांकडून उचललेलं. त्यावर ओलं बारदान, बारदानावर केळीचं पान आणि मग पानावर कळ्या. बर्फ टेकला की पाकळी जळते, तपकिरी डाग पडतो. "बर्फ जवळ पाह्यजे, पण आंगाले लागू द्याचा नाई," हे माणिकबाईचं वाक्य रागिणीनं परकरात असल्यापासून ऐकलं होतं. लग्न होऊन अमरावतीला आली तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर ती हे वाक्यही घेऊन आली.

नवरा धर्मेंद्र भला माणूस. बोलायला कमी, हाताला वेगवान. लग्नातले जाडजूड हार गुंफावेत तर त्यानंच, असं सगळी रांग म्हणायची. नवरात्रात मंडळानं रक्तदानाचं शिबिर ठेवलं आणि हा हौसेनं जाऊन आडवा झाला. पुढच्या आठवड्यात फोन आला की तुमचं रक्त घेता येत नाही, दवाखान्यात दाखवून घ्या. दाखवलं. हिपॅटायटीस बी निघाला. काविळीतला वाईट प्रकार, विषाणू रक्तात वस्ती करून बसलेला आणि यकृताला सूज. कुठून आला ते कुणी सांगू शकलं नाही. रस्त्याकडेच्या न्हाव्याचा वस्तरा असेल, लहानपणी कुणा डॉक्टरानं न बदललेली सुई असेल. रागिणीचं आणि नऊ वर्षांच्या खुशीचं रक्त तपासलं, ते साफ निघालं. दोघींना लस टोचली. धर्मेंद्रची हार गुंफायची सुई वेगळी झाली. तिला ओळखीसाठी लाल दोरा बांधला आणि ती कुणी हातात घ्यायची नाही असं ठरलं.

यकृताचे मोठे डॉक्टर अकोल्याला. त्यांनी सांगितलं, "गोळ्या आहेत, पण त्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतील. तुमचं वय कमी आहे, आधी इंजेक्शनं देऊन बघू. आठवड्याला एक, पोटावर, वर्षभर. औषध कडक आहे. माणूस हैराण होतो. पण नशिबानं साथ दिली तर विषाणू कायमचा गप्प बसतो." इंजेक्शनं कुठल्याशा संस्थेच्या मदतीनं मिळायची सोय झाली, महिन्याची एकदम न्यायची आणि घरी टोचायची. सिस्टरनं रागिणीला टोचायला शिकवलं आणि बजावलं, "फ्रीजमध्ये ठेवायचं. खालच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये अजिबात नाही." रागिणीनं ते इतकं मनावर घेतलं की घरच्या फ्रीजच्या दाराला तिनं जुनी ओढणी बांधून टाकली. खुशीला पाणी प्यायचं तर माठातलं.

मग वार ठरवायचा प्रश्न आला. टोचल्यानंतरचा दिवस हातातून जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आता फुलवाल्याच्या घरात कुठला दिवस घालवणार? मंगळवार-शुक्रवार देवीचे. गुरुवारी गजानन महाराज. शनिवारी मारुतीला रुईच्या माळा. नवरा-बायकोनं बराच विचार केला आणि सोमवार बुडाला तर बुडू दे, महादेव भोळा आहे, समजून घेईल, असं म्हणून रविवारची संध्याकाळ नक्की केली. त्या दिवशी दोघं हसली होती. पुढं बरेच दिवस त्या घरात कुणी हसलं नाही.

पहिल्या रविवारी टोचल्यावर दीड-दोन तासांत धर्मेंद्रचे दात वाजायला लागले. दोन गोधड्या टाकल्या, तिसरी टाकली, खुशीची दुलई टाकली, तरी खाट हलत होती. मग ताप. मग घाम, अंथरूण बदलावं लागेल इतका. सोमवारी तो कुणीतरी काठ्यांनी बडवल्यासारखा पडून राहिला. मंगळवारी उठून पाटावर गेला, कारण गडी जिद्दीचा. असे रविवार एकामागून एक यायला लागले. शनिवारीच त्याचं तोंड उतरायचं. रविवारी सकाळपासून तो फ्रीजकडं बघायचा नाही.

तापाचं काय, तो येतो आणि जातो. बाकीचं जात नव्हतं. तोंडाला चव नाही. भाकर लोखंड चावल्यासारखी लागते म्हणून एकदा त्यानं ताट भिरकावलं आणि लगेच स्वतःच वरण पुसत बसला. फुलांचा वास सहन होईना. निशिगंधाची जुडी जवळ आली की पोटात ढवळायचं, आणि फुलवाल्यानं निशिगंधापासून पळून जायचं कुठं? केस गळायला लागले. एका बाईनं घेऊन गेलेला हार परत आणून पाटावर टाकला. त्यात केस होता. "देवाले घालाचा हार हाये हा," ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली. रागिणीनं दुसरा हार दिला, आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला उलट बोलली नाही. धर्मेंद्रनं त्या दिवसापासून डोक्याला पंचा गच्च बांधला. मग हळूहळू पाटावर यायचंच सोडलं.

डॉक्टरांनी एक गोष्ट रागिणीला बाजूला घेऊन सांगितली होती. या औषधानं मन खचतं, त्यांना एकटं सोडू नका. ती भीती रागिणी अंगावर घेऊन फिरायची. तिनं त्याला जबरदस्तीनं पाटामागं पोत्यावर आणून बसवायला सुरुवात केली. काही करू नका, नुसते बसा. तो गुडघ्यात मान घालून बसायचा. कधी डोळ्यांतून पाणी चाललेलं असायचं आणि त्याला ते कळतही नसायचं. शाळा सुटली की खुशी येऊन त्याच्या पाठीला पाठ लावून गृहपाठ करायची.

"विषाणू मरते का मी मरतो, तेच पाहून राह्यले तुमी सारे," तो एकदा म्हणाला.

"तुमी मरून त पाहा," रागिणी म्हणाली, "मंग सांगतो तुमाले."

असं बोलून ती ताडपत्रीमागं गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली. तिला काही सुचत नव्हतं. ज्या औषधानं नवरा वाचायचा तेच औषध तिनं दर रविवारी आपल्या हातानं त्याच्या पोटात खुपसायचं आणि मग तो तडफडताना बघत बसायचं, याला काय म्हणावं?

होळीच्या आधी पहिला मोठा रिपोर्ट आला. विषाणू पुष्कळ खाली उतरला होता. डॉक्टर खूश झाले. "सोसा," ते म्हणाले. "काम होतंय. अर्धं वर्ष तर संपत आलं." घरी येऊन रागिणीनं देवीला नारळ फोडला. एवढं सोसलं ते फुकट गेलं नाही, या विचारानं तिला त्या दिवशी किती तरी महिन्यांनी झोप लागली.

अकोल्याहून इंजेक्शनं आणायचं काम तिचंच होतं. बरोबर बहुतेक वेळा तिवस्याच्या बेबीताई असायच्या. त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा अंकुर याच औषधावर होता. दोघी एसटीत शेजारी बसायच्या, एकीचा डबा दुसरी खायची, आणि नवऱ्याच्या नि पोराच्या तापाच्या गोष्टी करत मूर्तिजापूर, बडनेरा मागं टाकायच्या. दवाखान्यातून इंजेक्शनांबरोबर एक छोटी पिशवी मिळायची, आत गार जेलची थैली. थंडीत तेवढ्यावर निभावलं. होळीनंतरच्या फेरीत मात्र एसटी मूर्तिजापूरला पंक्चर होऊन उभी राहिली, आणि रागिणीनं पिशवीत हात घातला तर थैली कोमट. सिस्टरला फोन केला. "एवढ्यानं बिघडत नाही, घरी गेल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा," असं सिस्टर म्हणाली. पण रागिणीचं समाधान होईना. अजून चैत्रसुद्धा लागला नव्हता. वैशाखात काय होणार?

आणि मग तिला वाटलं, अरे, आपण कुणाच्या पोरी? भर उन्हाळ्यात अकोल्याहून अमरावतीला कळी न उमलू देता नेणारं खानदान आपलं, आणि ही बोटभर थैली आपल्याला थंडावा शिकवणार?

पुढच्या फेरीत तिनं दवाखान्यातून इंजेक्शनं घेतली, तडक माहेर गाठलं आणि पेटी काढली. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून फोडली, खडे मीठ टाकलं. इंजेक्शनांचा डबा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तिनं सरळ त्या बर्फाच्या पोटात खुपसला. वरून बारदान, पान, आणि पाटावर विकायच्या कळ्या.

माणिकबाई उंबऱ्यात बसून बघत होती. "त्याले पान नाई लावत?" तिनं विचारलं.

"औषधाले काय पाकळ्या हायेत का, माय?" रागिणी हसून म्हणाली.

अमरावतीला पेटी उघडली तेव्हा डबा हाताला चटका बसावा इतका गार होता. तिनं तो समाधानानं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला. फ्रीझरमध्ये नाही. रविवारपर्यंत औषध नेहमीसारखंच दिसत होतं, पाण्यासारखं स्वच्छ.

त्या रविवारी ताप कमी आला. पुढच्या रविवारी नुसती कणकण. त्याच्या पुढच्या रविवारी गोधड्या घडी घालून खाटेवर ठेवलेल्या, रागिणी पायथ्याशी बसलेली, आणि धर्मेंद्र म्हणाला, "भूक लागली व."

तिनं रात्रीचे उरलेले रोडगे आणि वांग्याची भाजी पुढ्यात ठेवली. त्यानं सगळं खाल्लं, वर तिखट मागितलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलं की शरीराला सवय झाली. खुद्द धर्मेंद्र म्हणाला, विषाणूची ताकद संपली असेल. रागिणीच्या मनात मात्र वेगळंच होतं, आणि ती ते सगळ्यांना सांगत सुटली. आधी औषध कोमट होऊन बाधत होतं, आता आपल्या बर्फानं ते ताजं राहतं, म्हणून त्रास नाही. एसटीत बेबीताईंना तिनं पेटी उघडून दाखवली. बर्फ किती, मीठ किती, सगळं हातानं समजावलं. पुढच्या खेपेला बेबीताईंच्या मांडीवरही तशीच पेटी होती.

तो उन्हाळा रागिणीच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा उन्हाळा होता. लग्नसराई आली आणि धर्मेंद्र लाल दोऱ्याची सुई घेऊन पुन्हा पाटावर बसला. गुलाबाचे असे हार गुंफले की वरमाया थांबून बघायच्या. डोक्यावर बारीक केस आले. निशिगंधाची जुडी त्यानं एके दिवशी मुद्दाम तोंडाजवळ नेऊन हुंगली आणि रागिणीकडं बघून हसला. आंब्याच्या दिवसांत रस खाल्ला. खुशीला खांद्यावर घेऊन गल्लीतून फिरवलं, ती मोठी झाली असून. रविवारचं इंजेक्शन म्हणजे मुंगी चावल्यासारखं झालं.

आषाढात पुढचा रिपोर्ट होता. या वेळी दोघं मिळून अकोल्याला गेली. रागिणीनं चांगलं लुगडं नेसलं होतं. डॉक्टरांनी कागद पाहिला, मागचा कागद काढून शेजारी ठेवला, पुन्हा पाहिला.

"ताप येतो का इंजेक्शननंतर?"

"नाई डॉक्टरसाहेब," धर्मेंद्र आनंदानं म्हणाला. "चैत्रापासून बंदच हाये. एकदम फिट हावो मी."

"इंजेक्शनं नेता कशी?"

या प्रश्नाची रागिणी वाटच बघत होती. तिनं पेटीपासून सुरुवात केली. लादी कशी फोडायची, मीठ किती, अकोल्याच्या उन्हात बडनेऱ्यापर्यंत बर्फाला धक्का कसा लागत नाही. हातवारे करून सांगत होती. दारातली सिस्टर आत येऊन ऐकत उभी राहिली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"ताई," ते शांतपणे म्हणाले, "मीठ घातलेल्या बर्फात ते गोठलं असणार. हे औषध एकदा गोठलं की त्यात काही उरत नाही. नंतर वितळून दिसतं तसंच, पण पाणी टोचल्यासारखं असतं. विषाणू पुन्हा वर गेलाय. होता तिथं, उलट त्याहून थोडा जास्तच."

"फ्रीझरमध्ये नको म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?" सिस्टर कळवळून म्हणाली.

"फ्रीझरमधी नाई ठेवलं, सिस्टर," रागिणी म्हणाली. "देवीची आन. एक डाव बी नाई ठेवलं."

ते खरंच होतं. त्या खोलीत सगळ्यांना ते माहीत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

धर्मेंद्रनं विचारलं, "म्हणजे आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण वर्ष. सूज आहे, यकृत फार थांबणार नाही. पण जबरदस्ती करता येत नाही. मागच्या वेळी तुमची मनाची अवस्था मी पाहिली आहे. विचार करा, पण लवकर करा."

एसटीत धर्मेंद्र खिडकीशी बसला आणि बाहेर बघत राहिला. रागिणीला वाटत होतं, यानं शिव्या द्याव्यात, चार लोकांत तोंडात मारावी. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा ती खाली उतरली, कारण एक फोन करायचा होता आणि तो त्याच्या देखत करायची तिची हिंमत नव्हती.

बेबीताईंनी तिकडून सगळं ऐकून घेतलं.

"अंकुरचा ताप बंद झाला ना," त्या म्हणाल्या, "तं मी रोज दिवा लावताना तुमचं नाव घेऊन राह्यली होती, रागिणीताई."

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. रागिणी स्टँडवरच्या बाकड्याला धरून उभी राहिली. कंडक्टरनं घंटी मारली, दुसऱ्यांदा मारली, तेव्हा ती गाडीत चढली. शिकवायला ती किती हौसेनं गेली होती! तिच्या तोंडाला त्या दिवसापासून जे कुलूप लागलं ते गिऱ्हाइकांनाही जाणवलं. कुणी हार नाकाशी नेला तरी ती नुसती बघायची.

घरी धर्मेंद्रनं सरळ सांगितलं, "मी नाई घेत. एक डाव मरून झालं, तेवढं पुरे."

रागिणीनं वाद घातला नाही. कुठल्या तोंडानं घालणार? औषधाचा विषय काढायचा हक्कच आपण घालवला, असं तिला मनापासून वाटत होतं. डॉक्टरांकडून फोन येई, ती "विचारून सांगतो" म्हणे आणि विचारत नसे. धर्मेंद्र रोज पाटावर येत होता, गुंफत होता, बोलत मात्र नव्हता. पाय थोडे सुजायला लागले होते. ते दोघांनाही दिसत होतं आणि दोघंही नजर पायांवरून चपलांकडं वळवत होती.

एकदाच तो बोलला. घरात, भाकर खाताखाता, अचानक. "उन्हाळाभर मी चांगला होतो ना व? खात होतो, हसत होतो. ते बी खोटंच होतं?"

"खोटं कसं?" रागिणीचा आवाज फाटला. "तुमी हासले ते मीनं पाह्यलं ना. खुशीनं पाह्यलं. ते खोटं नोतं."

"आतून पोखरतच होता तो," धर्मेंद्र म्हणाला आणि ताट सारून उठला.

श्रावणात मोगरा संपत आलेला असतो. वामनरावांनी शेवटच्या कळ्या पेटीत घालून एसटीनं पाठवल्या. रागिणी पाटावर पेटी उघडून बसली, उरलेला बर्फ सारखा केला आणि कळ्या पुन्हा लावायला घेतल्या. बारदान पिळून पसरलं. केळीचं पान फाटलं होतं म्हणून उठली, समोरच्या दुकानातून नवं पान मागून आणलं, दांडा काढला, तळहातानं पुसलं, अंथरलं. मग एकेक ओंजळ अलगद वर ठेवली. हात आपोआप चालत होते.

धर्मेंद्र सुई थांबवून बघत होता.

"कळीले पान लावतं," तो म्हणाला.

रागिणीचे हात तिथंच थांबले. इतक्या दिवसांनी ते आलं होतं. तिनं मान वर केली नाही.

"औषधाले नाई लावलं."

"नाई लावलं," ती म्हणाली.

रस्त्यानं एक रिक्षा भोंगा वाजवत गेली. कुणीतरी बेलाचा भाव विचारत पाटापुढं उभं राहिलं.

"आता लावशीन?" धर्मेंद्रनं विचारलं.

तिला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. कळलं तेव्हा तिनं पेटीवर डोकं टेकवलं आणि भर रस्त्यात, सगळ्या रांगेसमोर, हुंदके देऊन रडली. "लावीन," ती म्हणत होती, "लावीन, लावीन." धर्मेंद्रनं पंच्यानं तिचं तोंड पुसलं आणि बेलाचा भाव सांगितला.

तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी पुन्हा सुरुवात करायला परवानगी दिली. रागिणी एकटीच अकोल्याला गेली. बेबीताई शेजारी नव्हत्या. अंकुरचंही नव्यानं सुरू झालं होतं, पण त्या आता दुसऱ्या दिवशी यायच्या. सिस्टरनं जेलची थैली टॉवेलात गुंडाळून दाखवली, मधे पुठ्ठा घातला, डबा वेगळा ठेवला. रागिणीनं ते तिच्याकडून दोनदा करवून घेतलं आणि तिसऱ्यांदा स्वतः केलं. माहेरी गेली नाही. दुपारच्या उन्हाच्या आत घर गाठायचं म्हणून पहिल्या गाडीनं आली होती, तशीच परतली. वाटेत दर थोड्या वेळानं पिशवीत हात घालून बघत होती. ना कोमट, ना चटका देणारं.

रविवारी संध्याकाळी देवापुढं दिवा लावून तिनं टोचलं. धर्मेंद्र खाटेवर पडला. खुशी दारात पुस्तक घेऊन बसली, पण वाचत नव्हती. गोधड्या पायथ्याशी होत्या, तिन्ही.

काही झालं नाही. बाहेर पोरं खेळत होती, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. धर्मेंद्र छताकडं बघत पडला होता, कपाळ कोरडं, हात ऊबदार. रागिणीनं त्याच्या गळ्याला हात लावला, पुन्हा लावला. एसटीत पिशवी इंजिनाजवळ तर नव्हती ना ठेवली? फ्रीजचं बटण कुणी फिरवलं का? पुठ्ठा सरकला असेल का? तिनं मनातल्या मनात देवीला हात जोडले आणि आयुष्यात कुठल्याच बाईनं मागितलं नसेल ते मागितलं. माये, माझ्या माणसाला ताप येऊ दे.

"आई, बाबाचे पाय हलून राह्यले," खुशी दारातून म्हणाली.

धर्मेंद्रनं गुडघे पोटाशी घेतले होते. "रागिणी," तो म्हणाला, आणि त्याचे दात एकमेकांवर आपटले. "गोधडी दे."

तिनं एक टाकली, दुसरी टाकली, तिसरी टाकली, खुशीनं आपली दुलई आणून वर लोटली. खाट हलायला लागली. आतून धर्मेंद्रचा आवाज तुटत तुटत आला. "जित्तं हाये व. ह्या डावी औषध जित्तं हाये."

"हाव," रागिणी म्हणाली. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ती खाटेच्या कडेला बसली, गोधडीत हात घालून त्याचे बर्फासारखे पाय तिनं मांडीवर घेतले आणि चोळायला लागली. पुढचं वर्षभर, दर रविवारी, तिला हेच हवं असणार होतं.